इथे डॉक्टर राहत नाहीत

डॉक्टरांनी मला कामावर घेतलं तेव्हा माझं नर्सिंगचं सर्टिफिकेट उलगडूनसुद्धा पाहिलं नाही. नाव विचारलं, गाव विचारलं. मी आष्टी म्हणाले तशी त्यांची मान झटकन वर आली.

"घरी शेती आहे?"

"आहे."

"खुरपणी येते?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शेतातून सुटका व्हावी म्हणून तर मी नर्सिंग केलं होतं. कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी फाटलेली माझी बोटं अजून नीट मिटत नव्हती. आणि ज्याच्या दारात सकाळी सातपासून जीपा लागायच्या असा हा एम. डी. झालेला माणूस, मला शीर सापडते का हे सोडून खुरपणी विचारत होता.

"येते," मी म्हणाले.

"मग उद्यापासून या."

अंबडच्या त्या दवाखान्यात मी बारा वर्षं काढली. रोज शंभर-सव्वाशे पेशंट. बाकं पुरायची नाहीत. लोक पायऱ्यांवर बसायचे, जीपच्या सावलीत बसायचे. सकाळी मी नंबर घातलेले पत्र्याचे बिल्ले वाटायचे, आणि दुपारी तीनच्या सुमाराला डॉक्टर जेवायचे, तेही उभ्याउभ्या. भाकरी, ठेचा, एक कांदा. "सिस्टर, माणसाला लागतं किती?" हे त्यांचं रोजचं वाक्य. मग बोटांवर मोजून सांगायचे: दोन-अडीच एकर जमीन, एक विहीर, एक गाय, पत्र्याच्या दोन खोल्या. "बस. याच्यापेक्षा जास्त ज्याला लागतं तो आपला पेशंट."

बोलणारा माणूस जालन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेला. वडील शाळेत कारकून. घराण्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पण वेड असं, की पेशंट स्टुलावर बसला की आजाराच्या आधी त्याचं शेत निघायचं. एकदा एक माणूस न्यूमोनियानं धापा टाकत आला. डॉक्टर त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून विचारतात, "तुरीत मूग घेता का उडीद?"

"डाक्टर," तो कसाबसा म्हणाला, "आदी दम तर घिऊ द्या."

"घ्या, घ्या. मोठा श्वास घ्या. सोडा. उडीद ना?"

औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मागे ते आपल्या शेताचे नकाशे काढायचे. इथे विहीर, इथे गोठा, इथे मेथीचा वाफा. पुढच्या बाजूला औषध आणि मागच्या बाजूला शेत. मेडिकलवाला एकदा चिठ्ठी नाचवत स्वतः धावत आला. "सिस्टर, हे 'गवार दोन ओळी' कोणत्या कंपनीचं आहे? आपल्याकडं न्हाई."

आम्ही हसून बेजार व्हायचो. पण तपासताना त्यांच्याइतका जागा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दारातून स्टुलापर्यंत माणूस चालत येईतो त्यांचं निम्मं निदान झालेलं असायचं. नाक तर असं की आम्हाला भीती वाटायची. एका बाईला घेऊन तिचा भाऊ आला होता. तो नुसताच दाराला टेकून उभा. डॉक्टर बाईला सोडून उठले आणि त्याच्यापाशी गेले. "आधी याला घ्या. याच्या श्वासाला नासक्या फळासारखा वास येतोय." तपासलं तर त्याची साखर एवढी चढलेली की चार-सहा तासांत तो बेशुद्ध पडला असता. त्याला स्वतःला काही कळलेलं नव्हतं. बहीण रडायला लागली, आणि डॉक्टर हात धुता धुता तिला विचारत होते, "तुमच्याकडं औंदा करडई कशी आहे?"

शेताचं हे बोलणं मी बारा वर्षं ऐकलं आणि कधी खरं मानलं नाही. प्रत्येक कामाच्या माणसाला असं काहीतरी बोलायला लागतं, असं मला वाटायचं.

मग एका बाजाराच्या दिवशी, हॉल गच्च भरलेला असताना, ते अकराच्या सुमाराला आपल्या खोलीतून बाहेर आले. असे ते कधीच यायचे नाहीत. म्हणाले, "उद्यापासून इथे नवे डॉक्टर बसतील. हुशार आहेत. मी दवाखाना सोडतोय."

माझ्या हातातला बिल्ल्यांचा डबा तसाच राहिला. मला वाटलं, घरी कुणीतरी गेलं. एक म्हातारा काठीवर रेटा देऊन उठला. "आमचं काय चुकलं का, डाक्टर?"

"नाही हो आजोबा. मी दमलो."

एवढं बोलून ते आत गेले आणि त्या दिवशीचा शेवटचा बिल्ला संपेपर्यंत तपासत राहिले. संध्याकाळी स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात ठेवला. मी तशीच वहिनींकडे, डॉक्टरांच्या बायकोकडे, गेले. त्या तिथल्याच शाळेत शिकवायच्या. वहिनी शांतपणे वह्या तपासत होत्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय," त्या म्हणाल्या. "जाऊ देत. नाही गेले तर इथेच कोसळतील."

तेव्हा कळलं, वडीगोद्रीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, त्यांनी अडीच एकर घेऊन ठेवलं होतं. विहीर होती. पत्र्याच्या दोन खोल्याही उभ्या राहिल्या होत्या.

महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी मी तिकडे जायचे. जाईन तेव्हा नवीनच काही बघायला मिळायचं. तापमान बघायला त्यांनी शेणखताच्या ढिगात ताप बघायचं थर्मामीटर खुपसलं आणि ते फुटलं. गाईचा केसपेपर केला होता: तक्रार, चारा कमी खाते, कालपासून. स्वभाव, चिडका. पावसाळा संपेपर्यंत माणूस काळाठिक्कर झाला, पोट आत गेलं, तळहाताला घट्टे पडले. मला घट्टे दाखवले ते एखाद्यानं पदक दाखवावं तसे. बावीस वर्षांत आपण एक संध्याकाळ धड पाहिली नव्हती, म्हणाले. आता रोज बांधावर बसून बघतो.

पण लोक सुटू देतात थोडेच! पहिल्या महिन्यातच बांधावर जीपा यायला लागल्या. डॉक्टर खुरपं हातात घेऊन पुढे यायचे आणि सांगायचे, "मी आता शेतकरी आहे. दवाखाना अंबडला." तरी लोक यायचेच. शेवटी त्यांनी एक पत्रा कापला, त्यावर ब्रशनं स्वतःच्या हातानं लिहिलं, "इथे डॉक्टर राहत नाहीत", आणि पाटी रस्त्याच्या तोंडाशी रोवली.

माझ्यासमोरची गोष्ट. पाटी वाचूनही एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी आणलं होतं. खोकून खोकून त्याचे डोळे बाहेर आलेले. डॉक्टरांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं, मुलांना म्हणाले, "अंबडला न्या, जल्दी न्या," आणि हात जोडले. त्याच्या मनगटाला बोट लावलं नाही.

जीप गेल्यावर मी न राहवून म्हणाले, "नाडी तरी बघायची होती."

"एकाची बघितली की शंभर येतात, सिस्टर." ते चिडले नव्हते. "मी माणसांकडे बघायचंच बंद केलंय. बघितलं की रोग दिसतो. आता मला नुसती माणसं दिसू द्या."

मला ते पटलं नाही, आणि चूक आहे असंही म्हणता येईना. त्यांचा उतरलेला चेहरा बारा वर्षं मीच पाहिला होता.

गावाला मात्र राग आला. मागितले तर बैल मिळेनात, बायका खुरपायला येईनात. राहिली एकटी ठकूबाई.

ठकूबाईचं शेत बांधाला बांध लागून. धनगराची बाई, साठीच्या आतबाहेर. मुलगा, सून आणि वीसेक शेळ्या. हीच डॉक्टरांची मास्तरीण. खुरपं कसं धरायचं, जमिनीला वापसा आला हे मूठभर माती दाबून कसं ओळखायचं, पिकाला पाणी देताना दारं कशी धरायची, पाणी कुठं तोडायचं, सगळं तिनं शिकवलं. तिच्यापुढं डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे.

"डाक्टर, सुई टोचल्यावानी काय करून राह्यले? हात ढिल्ला सोडा की!"

"सोडला."

"सोडला म्हन्ता आन् मूठ बघा कशी आवळली. बिलकुल शेतकरी न्हाई तुमी."

डॉक्टर खूश. मला बाजूला घेऊन सांगायचे, "सिस्टर, या अख्ख्या शिवारात ही एकच बाई अशी आहे जिनं मला आजवर डोकं दुखतं म्हणून सांगितलेलं नाही. हिच्याशी बोललं की मला वाटतं, मी खरंच सुटलो." सकाळचा चहा ते तिच्याकडे घ्यायचे. दुपारी तिच्याच कडुलिंबाखाली दोघांच्या भाकरी सुटायच्या.

डॉक्टरांचं शेतातलं दुसरं वर्ष. ज्वारी हुरड्यात आली होती. डॉक्टरांनी निरोप पाठवला, रविवारी या, आपल्या शेतातला हुरडा खायला. मी गेले. ठकूबाईनं खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव केला होता आणि ती कणसं भाजत होती. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. डॉक्टर समोर बसून गरम कणसं तळहातावर चोळत होते, बोटं भाजली की हसत होते.

आणि मला वास आला.

गोवऱ्यांचा धूर होता, भाजलेल्या दाण्यांचा वास होता, मागे शेळ्या होत्या. तरी त्या सगळ्यांच्या खालून तो वास आला. वॉर्डात काम केलेल्या माणसाला तो कुठेही कळतो. मी ठकूबाईकडे नीट पाहिलं. पदर छातीशी आवळून, कमरेला घट्ट खोचलेला. डावा हात ती वापरतच नव्हती. मांडीवर ठेवलेला तो हात कोपरापासून खाली सुजून तट्ट झाला होता. बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

"मावशी, जरा आत येता का? मला पाणी पाहिजे," मी म्हणाले.

खोलीत गेल्यावर दार लोटलं आणि तिचा पदर धरला. तिनं आधी माझा हात झटकला. मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर सोडून दिला.

मी नर्स आहे. खूप काही पाहिलेलं आहे. असं नव्हतं पाहिलं. डाव्या छातीच्या जागी छाती उरलीच नव्हती. हळद, लिंबाचा पाला आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या, त्याखाली वाटीएवढी उघडी जखम. बगलेत दगडासारख्या गाठी.

"कधीपासून?"

"गाठ व्हय? झालं की दोन वरीस. डाक्टर आल्ते तवा सुपारीएवढी व्हती. दुखत न्हवती काय."

सुपारीएवढी. ती सुपारीएवढी गाठ घेऊन ही बाई रोज एका एम. डी. डॉक्टरला चहा पाजत होती.

"मावशी, एवढा मोठा डॉक्टर बांधाला आहे! त्यांना का नाही सांगितलं?"

"सांगनार व्हते. बाईमानूस, लाज वाटायची, पर सांगनार व्हते." ती चिंध्या पुन्हा नीट लावायला लागली. "मंग त्येंनी ती पाटी लावली. सुनेनं वाचून दावली मला. म्हन्लं, मानूस दमून आलंय. समद्यांनी वरबाडलं त्येला. आपून बी गेलो तर त्येनं आता कुटं जावं?"

मी बाहेर आले. डॉक्टर अजून हुरडा चोळत होते. "सिस्टर, हा खास तुमच्यासाठी," म्हणाले आणि ओंजळ पुढे केली.

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, आम्ही दवाखान्यात सांगायचो तसं. त्यांची ओंजळ तशीच पुढे राहिली. मग दाणे बोटांमधून सांडायला लागले आणि त्यांना ते कळलंही नाही.

ते आत गेले. "मावशी, बघू का?" एवढंच मला ऐकू आलं. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर आले, विहिरीवर गेले आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. मी मागे जाऊन उभी राहिले.

"सिस्टर, मला वास येत होता."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"रोज येत होता. तीन-चार महिने झाले. मी म्हणायचो, शेळ्यांचा आहे." ते माझ्याकडे वळले. मी त्या चेहऱ्याकडे बघू शकले नाही. "खरं सांगू? शेळ्यांचा नाही हे मला माहीत होतं. मी ठरवलं होतं की तो शेळ्यांचाच आहे."

बारा वर्षांत मला या माणसाचे अनेक धक्के बसले. पण हा जो बसला, तसा ना आधी बसला, ना नंतर. मला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि तो कुठे काढावा ते कळेना. समोर एक काळवंडलेला, ओल्या हातांचा माणूस उभा होता, आणि त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

तसेच ते पाटी उपटायला गेले. ठकूबाईनं दारातून हाक मारली. "ऱ्हाऊ द्या हो डाक्टर! समदे येत्याल. मंग शेत कोन करील?" त्यांनी पाटी उपटली आणि बांधापलीकडे फेकून दिली.

दुसऱ्याच दिवशी ते तिला औरंगाबादच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. बारा दिवस तिथे तिच्या खाटेजवळ राहिले. रोग यकृतात गेला होता, मणक्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी यांनाच विचारलं, तुम्ही तर फिजिशियन, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही.

तिला परत शेतावर आणलं. लिंबाखाली खाट टाकली. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग डॉक्टर स्वतः करायचे. मी रविवारी जायचे तेव्हा म्हणायचे, आज मी करते. ते हात पुढे करून मला थांबवायचे. ती खाटेवरून त्यांना ओरडायची, "पानी फुटलं तिकडं! माझं सोडा, दारं बघा." आणि डॉक्टर पट्टी बांधता बांधता म्हणायचे, "फुटू द्या." दुखणं वाढलं तसं तिचं ओरडणं कमी झालं. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, "त्येला सांगा, म्या रागावले न्हाई. म्या सांगितलं तर त्येला खरं वाटत न्हाई." मी सांगितलं. त्यांना खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.

ज्वारी पिवळी पडायच्या सुमाराला ठकूबाई गेली. खांदा देणाऱ्या चौघांत डॉक्टर होते. मुलानं त्यांना दोष दिला नाही. "आईनं आमालाबी सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाला. पण सून, कौसाबाई, तिनं डॉक्टरांकडे पाठ केली ती केलीच. बांधाला बांध लागून असून ती त्यांच्या दिशेला बघायची नाही. पाटी तिनंच वाचून दाखवली होती. ते तिला जाळत होतं, आणि त्यांना बघितलं की जास्त जाळत होतं.

दवाखाना सोडल्यापासून डॉक्टर अंबडला आले नव्हते; वहिनीच सुट्टीत तिकडे जायच्या. दहाव्यानंतर एसटीनं आले आणि थेट माझ्या खोलीवर आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सिस्टर, दर रविवारी याल का? काम आहे. बायका तपासायच्या. गाठी. मला दाखवायच्या नाहीत त्या. तुम्ही तपासा. मी बाहेर राहीन."

मी हो म्हणाले. राग गेला नव्हता. तरीही म्हणाले.

त्यांनी गावात घरोघरी जाऊन सांगितलं. ज्या दारांतल्या लोकांना पाणी पाजून परत पाठवलं होतं, त्याच दारांत हात जोडून उभे राहिले. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावलं. पहिल्या रविवारी मी पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसले. एक बाई आली नाही. दुसऱ्या रविवारीही नाही.

तिसऱ्या रविवारी शिवारातली सगळ्यांची ज्वारी काढून झाली होती. डॉक्टरांची एकट्याचीच उभी होती, आणि ते एकटेच ती उपटत होते. दहा-अकराच्या सुमाराला कौसाबाई बांध ओलांडून आली. त्यांच्याकडे न बघता सरळ खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.

"बघा," मला म्हणाली. आवाजात नुसता राग.

मी नीट तपासलं. दोन्ही बाजू, बगला, पुन्हा एकदा पहिल्यापासून. तिचं अंग ताठ होतं. "काही नाही," मी म्हणाले. "सगळं चांगलं आहे."

ती चोळीची गाठ मारून खाली बसली. "आत्याबाईला म्या म्हनायचे, पाठ चोळून देते. नको म्हनायच्या. रोज नको म्हनायच्या. म्या म्हन्लं, म्हातारपन हाय." थोडा वेळ ती तोंडावर पदर घेऊन रडली. मग तोंड पुसलं आणि बाहेर गेली. मी तिच्या मागोमाग दारात आले.

डॉक्टर ज्वारीत उभे होते, आमच्याकडे पाठ करून. हातातलं काम थांबलेलं. विचारायची त्यांची छाती नव्हती. कौसाबाई त्यांच्यापाशी जाऊन थांबली. सासू गेल्यापासून पहिल्यांदा तिनं त्यांच्याशी तोंड उघडलं.

"काय न्हाई निघालं, डाक्टर."

त्यांनी नुसती मान हलवली.

"आन् ह्ये एकट्यानं कवा व्हायाचं?" ती म्हणाली. पदर खोचला आणि त्यांच्या शेजारची पात धरून, वाकून, ताटं उपटायला लागली. जरा वेळानं तेही वाकले.

तेवढ्यात मला पलीकडच्या बांधावर तीन बायका दिसल्या. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. एकीच्या कडेवर मूल होतं. आत यावं की परत फिरावं, अशा घोटाळत होत्या. मी दार सताड उघडलं आणि पहिलीला हाक मारली, "ये गं, आत ये."